साथीचा रोग, सरकारी हुकूम आणि पंढरीची वाट



शताब्दीची ही स्मरणिका काढायची ठरली, तेव्हा बैठकीत एक प्रश्न निघाला. 2020 आणि 2021 या दोन सालांचं काय करायचं? कोणी म्हणालं, त्या साली पायी वारीच झाली नाही, मग लिहायचं काय? दुसरे म्हणाले, झाली नाही म्हणूनच लिहा. पुढच्या पोरांना कळू दे. शेवटी ते काम आमच्या गळ्यात आलं. लिहायला बसल्यावर ध्यानात आलं की ही हकीगत दोन सालांत मावत नाही. तिचं एक टोक पार इंग्रजी अमदानीत जातं.

आमच्या आजीपणजीच्या तोंडी 'करोना' नव्हता, 'पटकी' होती. कॉलऱ्याला गावात पटकी म्हणत, जरीमरी म्हणत. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. सकाळी शेतावर गेलेला गडी संध्याकाळी नसायचा, असा तो रोग. आणि यात्रा व पटकी यांचं नातं होतं, हे आपण भाविकांनी नाकारण्यात अर्थ नाही. हा रोग पाण्यातून पसरतो. आषाढात नदीला नवं पाणी आलेलं, वाळवंटात माणसांचा महापूर, त्याच पाण्यात स्नान, तेच पाणी तांब्यात भरून प्यायला. एक माणूस आजारी आला की शंभर माणसं आजारी परत जात, आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेवरच्या गावात ते दुखणं ठेवून जाई. पुढे रेल्वे आली आणि हे दुखणंही गाडीत बसून लांब जाऊ लागलं.

1865 साली मक्केच्या यात्रेत कॉलरा उसळला आणि तिथून इजिप्तमार्गे युरोपात पोचला. तेव्हा कुठे गोऱ्या देशांना जाग आली. 1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आताच्या इस्तंबूलला, आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिथं बोट दाखवलं गेलं ते हिंदुस्थानातल्या तीर्थयात्रांकडे. तेव्हापासून पुरी, हरिद्वार, पंढरपूर ही नावं सरकारी आरोग्य अहवालांत वारंवार येऊ लागली. 1892 साली हरिद्वारचा महावारुणी मेळा तर सरकारने कॉलऱ्यापायी मोडूनच काढला आणि आलेल्या लोकांना माघारी लावलं.

त्या अहवाल लिहिणाऱ्यांचं सगळंच खोटं होतं असं आम्ही म्हणत नाही. पाणी घाण होतं, शौचाची सोय नव्हती, हे खरंच होतं. पण लिहिणाऱ्याच्या नजरेत यात्रेकरू म्हणजे माणूस नसून रोगाचं गाठोडं असे. पंढरपुरात यात्रेकरूंकडून यात्राकर घेतला जाई. ज्याच्याकडून पैसा घ्यायचा त्यालाच गलिच्छ म्हणायचं, हे काही बरं नव्हे. आमच्या मते भाविकांच्या मनात सरकारी आरोग्यखात्याविषयी जी अढी बसली, ती तिथंच बसली.

मग 1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. पुढच्याच वर्षी, 4 फेब्रुवारी 1897 ला, सरकारने साथरोग कायदा केला. हा कायदा वाचण्यासारखा आहे. सगळा मिळून दोनेक पानांत मावेल. त्याच्या दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार दिला. तिसऱ्याने नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली. चौथ्याने नियम राबवणाऱ्याला संरक्षण दिलं. लोकांना विचारायचं, त्यांच्या देवाधर्माचा मान राखायचा, बंदी किती दिवसांची हे सांगायचं, यांतलं एक अक्षर त्यात नाही. त्याच साली मुंबई बंदरातून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंनाही सरकारने थांबवलं. बंदी एकट्या हिंदूंवर आली असं कोणी सांगत असेल, तर त्याला हे सांगावं.

पुण्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोरे सोजीर घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकामाणसांना रस्त्यावर उभं केलं. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. टिळकांना त्या साली राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. मात्र या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याकडे कमी सांगितली जाते. टिळकांनी सोजिरांच्या जुलमावर लेखणी चालवली, पण प्लेग नाहीच असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट प्लेगच्या रोग्यांसाठी हिंदूंचं इस्पितळ उभारण्यात त्यांचा हात होता. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला प्लेगनेच गेल्या. हुकमाची रीत वाईट होती म्हणून रोग खोटा ठरत नाही. हे दोन्ही एका वेळी मनात ठेवणं अवघड जातं, आणि आमच्या दिंडीतसुद्धा 2020 साली ते अवघडच गेलं.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो. हाफकिन साहेबाने कॉलऱ्याची लस शोधली, आणि प्लेगची लस तर 1897 च्या जानेवारीत मुंबईतच स्वतःला टोचून घेऊन पाहिली. पुढे यात्रांसाठी कॉलऱ्याची लस आली. आमच्या दिंडीतली जुनी माणसं 'टोचणी'च्या गोष्टी सांगत. दंड सुजायचा, ताप यायचा, कोणी टोचणी चुकवायला शेतातून आडवाटेनं जायचा. पण टोचून घेतल्यानं वारी बुडाली असं कोणी म्हटलेलं आम्ही ऐकलं नाही. कुरकुर करायची, दंड पुढे करायचा आणि चालू लागायचं. टोचणी ही वाटेवरची अडचण होती, वाट बंद नव्हती. फरक आहे तो इथं.

देश स्वतंत्र झाला, घटना आली. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं आणि आचरण्याचं स्वातंत्र्य दिलं. पण त्या कलमाची सुरुवातच अशी आहे की हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहील. म्हणजे 'आरोग्य' हा शब्द घटनाकारांनी आधीच लिहून ठेवला आहे. कोणा मंत्र्याच्या मनात आलं म्हणून तो आला नाही. ज्यांनी पटकी आणि प्लेग डोळ्यांनी पाहिले, त्या पिढीने तो घातला. मात्र घटना आली तरी 1897 चा तो कायदा तसाच राहिला. मार्च 2020 मध्ये राज्य सरकारने वापरला तो हाच, एकशेतेवीस वर्षांचा म्हातारा कायदा. जोडीला 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता.

त्या साली 17 मार्चला विठुरायाचं मंदिर भाविकांसाठी बंद झालं. चैत्री वारी गेली. मे महिन्याच्या अखेरीस पुण्यात सरकार आणि संस्थानांची बैठक होऊन ठरलं की पायी सोहळा नाही. पादुका दशमीला वाहनाने पंढरीला न्यायच्या. विमान, हेलिकॉप्टर अशीही बोलणी झाली. माउलींच्या पादुका हेलिकॉप्टरने, हे ऐकून आमच्यातले एक आजोबा एवढंच म्हणाले, "मग रिंगण काय ढगात धरायचं?" 12 जूनला देहूहून आणि 13 जूनला आळंदीहून मोजक्या माणसांत प्रस्थान झालं. माउलींच्या पादुका आजोळघरीच थांबल्या. 30 जूनला एस.टी. फुलांनी सजवून त्या निघाल्या. गाडीत वीस माणसं. ज्या वाटेला अडीचशे किलोमीटर आणि अठरा-वीस दिवस लागतात, ती एका दिवसात संपली. 1 जुलैची एकादशी पंढरपुरात संचारबंदीत झाली.

आता इथं एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण ती सरकारी कागदात कुठंच दिसली नाही. सरकारला वाटलं, आणि वर्तमानपत्रांनाही वाटलं, की पादुका पोचल्या, महापूजा झाली, म्हणजे वारीची परंपरा अखंड राहिली. संस्थानांच्या दृष्टीने ते खरंही असेल. पण माळकऱ्याची उपासना म्हणजे गाभाऱ्यातलं दर्शन नव्हे. आषाढीला पंढरीत जाऊन कितीतरी जण नुसता कळस पाहून फिरतात. रांगेत दोन दिवस उभं राहण्यापेक्षा चंद्रभागा, प्रदक्षिणा आणि काल्याला गोपाळपूर, एवढ्यात नेम पुरा होतो. आमची पूजा म्हणजे चालणं. टाळ, वीणा, मुक्काम, एका पंगतीत भाकरी. मंदिर उघडं की बंद हा आमच्यापुढचा दुसरा प्रश्न होता. पहिला प्रश्न होता वाटेचा. 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की धर्मात अत्यावश्यक काय, हे त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवायचं. त्या न्यायाने वारीत अत्यावश्यक काय, असं कोणी विचारलं असतं, तर आम्ही पाय दाखवले असते.

आणि नेमकी हीच गोष्ट त्या साली धोक्याची होती. देवळात माणसं मोजून सोडता येतात, अंतर ठेवून उभं करता येतं. वाटेवर ते जमत नाही. एका राहुटीत पंचवीस माणसं झोपतात. एका टँकरखाली पाचशे हंडे लागतात. सकाळचा चहा एका गावात, दुपारची भाकरी दुसऱ्या गावात, मुक्काम तिसऱ्या. त्या जूनमध्ये पुण्यात रोग पेटलेला, सोलापुरात पेटलेला, आणि पालखीची वाट बरोबर दोहोंना जोडणारी. वाटेवरच्या गावांत तेव्हा रोग फारसा नव्हता. जी गावं शंभर वर्षं आम्हाला जेवू घालतात, त्यांच्या दारात आम्ही ते दुखणं नेऊन ठेवलं असतं.

काहींनी पुरीचा दाखला दिला. 18 जूनला सर्वोच्च न्यायालयाने जगन्नाथाच्या रथयात्रेला मनाई केली होती, 22 जूनला अटी घालून ती उठवली, आणि 23 ला संचारबंदीत रथ ओढले गेले; एका रथाला पाचशेहून जास्त माणसं नाहीत, तीही तपासलेली. मग आम्हीच काय घोडं मारलं? हा प्रश्न रास्त होता, पण उत्तरही होतं. पुरीचा रथ एका गावात तीनेक किलोमीटर जातो. गाव बंद करता आलं. आपली वाट बंद कशी करणार? मोजक्या वारकऱ्यांना तरी पायी जाऊ द्या, अशी मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथं ती मान्य झाली नाही. 2020 च्या त्या निर्णयाला आमची मान तेव्हाही तुकली आणि आजही तुकते.

संतांनीही हे शिकवलेलं आहे. पुंडलिकाने आईबापाच्या सेवेसाठी देवालाच विटेवर थांबवलं, ही तर पंढरीची मुळाची कथा. सावता महाराज अरण सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असं परंपरा सांगते. घरी राहून वारी पुरी होते याचा दाखला आपल्याच घरात आहे. त्या जूनमध्ये आम्ही आळंदी-पंढरीचे मुक्काम एका कागदावर लिहिले आणि रोज त्या त्या मुक्कामाचं नाव घेऊन घरच्या घरी हरिपाठ केला. कोणी मारुतीच्या देवळाला एकट्यानेच प्रदक्षिणा घातल्या. वीणा विणेकरीबाबांच्या घरी खाली न ठेवता घरातल्यांनी आळीपाळीने गळ्यात घेतली. मोबाईलवर भजन करून पाहिलं. टाळ इकडे वाजे आणि आवाज तिकडे मागाहून पोचे, तेव्हा ते सोडून दिलं.

इथवर आमची तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

बंदी कशाला आधी आणि कशाला शेवटी उठवायची, यात सरकारचं मन दिसतं. त्या मे महिन्यात दारूची दुकानं उघडली. देवळं उघडायला 16 नोव्हेंबर उजाडला, दिवाळीचा पाडवा. मधे बाजार, हॉटेलं, मद्यालयं सगळं टप्प्याटप्प्यानं सुरू झालं होतं. 31 ऑगस्टला प्रकाश आंबेडकर यांच्या पुढाकाराने मंदिर उघडण्यासाठी पंढरपुरात आंदोलन झालं, तेव्हा वारकरी मंडळीही गोळा झाली होती. ऑक्टोबरात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून टोमणा मारला आणि देवळाचा प्रश्न राजकारणाच्या आखाड्यात गेला. त्या पत्राने आमचा काही फायदा झाला असं आम्हाला वाटत नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये मुंबईतल्या तीन जैन मंदिरांना पर्युषणाचे शेवटचे दोन दिवस मोजक्या माणसांनिशी परवानगी देताना सर्वोच्च न्यायालयाने बोलून दाखवलं, की जिथं पैशाचा संबंध येतो तिथं सरकार जोखीम घ्यायला तयार असतं, आणि धर्माची गोष्ट आली की करोना आठवतो. आम्ही पारावर बसून जे म्हणत होतो, तेच तिथं म्हटलं गेलं.

एक गोष्ट दुसऱ्यांच्या बाजूनेही लिहून ठेवतो. मार्च 2020 मध्ये दिल्लीत तबलीगच्या मेळाव्यावरून मोठा गदारोळ झाला आणि गावोगाव एका जमातीकडे संशयाने पाहिलं गेलं. पुढे 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं असं मत नोंदवलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाने आपल्या वाडवडिलांना रोगाचं गाठोडं म्हटलं होतं. तो अपमान ज्यांच्या वाट्याला आला, त्यांनी दुसऱ्याला तसं म्हणू नये.

2021 साल तर आम्हाला जास्त लागलं. 17 एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली. त्याआधी प्रचाराच्या सभा झाल्या, गर्दी झाली, सगळ्याच पक्षांची झाली. त्याच एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभ भरला. रोगाची दुसरी लाट त्याच महिन्यात उसळली. आमचे विणेकरीबाबा त्या वैशाखात गेले. ना खांदा देता आला, ना भजन करता आलं. आणि मग आषाढ आला तेव्हा सांगण्यात आलं की याही साली पायी वारी नाही. मानाच्या दहा पालख्या, वीस बस, मोजकी माणसं, आणि वाखरीपासून पुढे थोडी प्रतीकात्मक चाल.

मतासाठी चालतं आणि माउलीसाठी चालत नाही, हे साध्या माणसाला कसं पटावं? बंडातात्या कराडकरांनी पायी निघण्याचा आग्रह धरला, तेव्हा पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन कराडला नेऊन ठेवलं. दहाच पालख्या का, बाकीच्यांनी काय पाप केलं, म्हणून संत नामदेव महाराज संस्थानाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. एकादशीच्या आदल्या दिवशी, 19 जुलैला, ती फेटाळली गेली. आमच्या दिंडीतले तिघे कोणाला न सांगता गावाहून चालू लागले होते. तोंडाला पट्टी, पाठीला पडशी, रात्री देवळाच्या ओट्यावर मुक्काम. चौथ्या दिवशी एका नाक्यावर त्यांना अडवून जीपमधून परत आणून सोडलं. नाक्यावरच्या हवालदाराने आधी वीणेला हात जोडले आणि मग नावं लिहून घेतली. त्या तिघांचं चुकलं की बरोबर, यावर आमच्यात आजही दोन तट आहेत. आम्ही स्वतः निघालो नाही. पण त्यांना नियम मोडणारे म्हणायला आमची जीभ रेटत नाही, कारण तोवर नियमाचाच तोल गेला होता. वारीवरची बंदी आम्ही दोन्ही वर्षं पाळली. पहिल्या वर्षी पटली म्हणून, दुसऱ्या वर्षी नाइलाजाने.

देवाच्या दाराशी अडवलं जाणं आपल्या संप्रदायाला नवं नाही. चोखोबांना महाद्वाराबाहेरच राहावं लागलं. त्यांच्या लोकांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं. त्या बंदीला कुठली साथ नव्हती, कुठला रोग नव्हता. काही माणसांना बाहेर ठेवायचं, एवढाच तिचा हेतू. 2020 ची बंदी तशी नव्हती. ती थोरामोठ्यांना, रावारंकाला सारखी होती, निदान सुरुवातीला. म्हणूनच ती सोसली. ज्या दिवशी ती सारखी राहिली नाही, एकाला सभा आणि एकाला संचारबंदी असं झालं, त्या दिवसापासून ती बोचू लागली.

7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेला, देवळं पुन्हा उघडली. 2022 साली 20 जूनला देहूहून आणि 21 जूनला आळंदीहून पायी सोहळा निघाला. आमच्या दिंडीत त्या साली नवा विणेकरी होता आणि गुडघ्यांना सवय राहिली नव्हती. दिवेघाटात निम्मी दिंडी मागे पडली. मधल्या दोन वर्षांची दिंडीची भिशी शिल्लक होती. तिच्यातून गावासाठी ऑक्सिजन मोजायची यंत्रं आधीच घेतली होती, उरलेल्यातून नवी राहुटी घेतली.

1897 चा कायदा मात्र अजून तोच आहे. एप्रिल 2020 मध्ये आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला शिक्षा, एवढी भर त्यात पडली. ती चांगलीच झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने या कायद्याचा आढावा घेऊन तो अपुरा असल्याचं सरकारला कळवलं आहे. नवा कायदा होईल तेव्हा होईल. बंदी किती दिवसांची, ती दर पंधरवड्याला तपासायची कोणी, कोणतं दार आधी उघडायचं ते कशावरून ठरवायचं, आणि निर्णयाच्या बैठकीला मोठ्या संस्थानांबरोबर लहान दिंड्यांचा एखादा माणूस बोलवायचा की नाही, हे त्यात लिहिलेलं असावं, असा ठराव आपल्या दिंडीने केला आहे. तो ठराव पंढरपुरातल्या यंदाच्या मुक्कामी इतर दिंड्यांच्या फडकऱ्यांपुढे ठेवायचा आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी दशमीला रात्री हरिपाठानंतर राहुटीत यावं.